शेजारचा बांध

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की डॉ. ऋजुता आठल्येला ती वाचावी लागत नसे. ती तिला भेटत असे. ओळखीचं माणूस समोर आल्यावर आपण त्याचं नाक, कान, कपाळ मोजत बसत नाही, तसंच. जांभळ्या-गुलाबी पेशींची दाटी डोळ्यांपुढे आली की तिला आतून कळे, ही साधी आहे, ही नुसती रागावलेली आहे, आणि ही वरून शांत दिसली तरी हिच्या पोटात पाप आहे.

त्या दिवशी विभागप्रमुख डॉ. रणजित साळोखे स्वतः पट्टी घेऊन आले. मिरजेबाहेरच्या माळावर नव्याने उभ्या राहिलेल्या त्या कर्करोग रुग्णालयात येणारी प्रत्येक पट्टी आधी यंत्र पाही आणि बहुतेकांचा निकालही तेच लावी. जिथे ते ‘सांगता येत नाही’ म्हणे, तेवढ्याच पट्ट्या ऋजुताकडे येत. अलीकडे त्या वाढल्या होत्या. गालात धरून ठेवायच्या तंबाखूच्या नव्या पुड्या बाजारात आल्या होत्या आणि त्यांनी होणारी जखम वेगळीच दिसे. यंत्र लाखो जुन्या पट्ट्यांवर शिकलेलं. नव्या जखमेच्या तेवढ्या पट्ट्या जमेपर्यंत माणसं थांबणार नव्हती. माणसाचा डोळा मात्र मूठभर नमुन्यांवर शिकतो, जर त्याला शिकण्याची तशी ताकद दिली तर.

ऋजुताने पाहिलं. “कर्करोग आहे,” ती म्हणाली. “पण अगदी कोवळा. आत्ता काढला तर हा माणूस महिन्यात भाकरी खाईल.”

साळोखे पट्टीकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिले. देवळात उभं राहावं तसे ते उभे होते.

चहासाठी ती बाहेर पडली. लांब व्हरांड्यात नेहमीसारखी माणसं थांबली होती. वर्तमानपत्रांनी ‘एका नजरेत कर्करोग ओळखणाऱ्या डॉक्टर’ असं छापल्यापासून आटपाडीहून, जतहून लोक नुसते येऊन तिच्या वाटेवर उभे राहत. काचपट्टी वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंच्या नजरेखालून गेलं की झालं, अशी समजूत. रखवालदार त्यांना उठवी, ती पुन्हा येऊन बसत. खांबापाशी पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहून तोंड उघडल्यासारखं केलं. ऋजुताने पाहिलं. टोपी पाहिली, करडा कोट पाहिला, मिशी पाहिली, आणि ती पुढे गेली.

*

लहान मुलाला भाषा शिकवावी लागत नाही, ते ती पिऊन टाकतं. मोठ्या माणसाला तीच भाषा घोकावी लागते. बालपण सरताना मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. शिकलेलं सांडू नये म्हणून केलेली ती ईश्वरी सोय. पण तिच्यामुळे नवं आत शिरणंही अवघड होतं. ‘वातायन’ नावाच्या उपचारात मेंदूच्या नेमक्या एका तुकड्यातली ही जाळी औषधाने विरघळवतात. मग काही महिने तेवढा तुकडा पुन्हा लहान मुलाचा होतो. त्या काळात एकाच गोष्टीचा ध्यास घ्यायचा. शेवटी दुसरं औषध देऊन जाळी परत विणून घ्यायची, म्हणजे जे आत बसलं ते जन्माचं बसलं. आधी उघडायचं, शेवटी लावायचं, म्हणून लोक त्याला सरळ ‘खिडकी’ म्हणत. गवयांनी कानाची खिडकी उघडून घेतली होती, कारागिरांनी हाताची. ऋजुताने डोळ्यांची.

अडचण एवढीच की मेंदूत पडीक जमीन नसते. एका पिकाला पाणी जास्त झालं की ते फोफावतं आणि शेजारचा बांध कोरतं. दिसायला सारख्या वस्तूंमधला बारीक फरक ओळखणारा मेंदूचा जो भाग, त्याच्याच लगत माणसांचे चेहरे ओळखण्याचं काम चालतं. साळोख्यांनी हे तिला आधी सांगितलं होतं. चेहरे ओळखायला जरा वेळ लागेल, आवाजावरून, चालीवरून भागेल, असं ते म्हणाले होते. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तेवढंच माहीत होतं.

आणि ऋजुताला तरी दुसरा मार्ग कुठे होता? ती आधी जतकडच्या एका तालुक्याच्या गावात डॉक्टर होती. बाळंतपणं केली, विंचू उतरवले, हाडं बसवली, वेळ पडली तर काचपट्टीही पाहिली. सगळ्यातलं थोडं येई आणि त्यात ती रमली होती. मग गावोगावी तपासणीची यंत्रं बसली आणि सगळ्यातलं थोडं येणाऱ्यांची आता गरज नाही असं वरून कळवण्यात आलं. खोल जा नाहीतर घरी जा, असं तिच्या बरोबरीचे हसत म्हणत. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिची आई सुचेताताई कीर्तनकार. सांगली-मिरजेच्या देवळांतून तिचं नाव होतं. लेकीने खिडकीचा विषय काढला तेव्हा तिने अडवलं नव्हतं, नुसती शंका काढली होती.

“माझा धंदा बघ,” ती म्हणाली होती. “गाते, पण मैफलीच्या गवयापुढे मी कुठली? संस्कृत येतं, पण शास्त्रीबुवांपुढे तोंड उघडणार नाही. जरा नाचते, जरा हसवते. कशातच पहिली नाही. पण गादीवर उभी राहिले की हे सगळं एकदम लागतं, आणि त्याहून जास्त लागतात समोरचे चेहरे. कुणाच्या घरचं नुकतंच गेलंय, कुणाची पोर नांदत नाही, हे दिसलं तर आख्यान कुठे वळवायचं ते कळतं.”

“तुझी गादी अजून यंत्राने मागितली नाही, आई.”

“मागू दे की. म्हणावं, आधी झांजा धर.”

दोघी हसल्या होत्या. खिडकी श्रावणात उघडली. दिवाळीनंतर पट्ट्या ऋजुताशी बोलायला लागल्या.

*

संक्रांतीच्या दिवसांत शेजारी हळदीकुंकू होतं. ऋजुता रुग्णालयातून परस्पर तिथे गेली. खोलीभर बायका, सगळ्यांच्या अंगावर काळ्या चंद्रकळा, सगळ्यांच्या केसांत गजरे. ती आवाजांच्या आधाराने वाट काढत होती. या लेल्यांच्या काकू, ही त्यांची सून. तेवढ्यात एक उंचशी बाई समोर आली आणि काही न बोलता तिने तिळगूळ पुढे केला.

ऋजुताने तो घेतला, वाकून नमस्कार केला आणि अदबीने विचारलं, “आपण मागच्या गल्लीतल्या का?”

बायका खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, मायलेकींची थट्टा चालली आहे. सुचेताताई हसली नाही. सलग कीर्तनांनी तिचा घसा बसला होता आणि वैद्यांनी मौन सांगितलं होतं. आवाज नव्हता, नवी साडी होती, आणि तेवढ्यावर लेकीला आई सापडली नाही.

सुचेताताईने तिच्या गालाला हात लावला. त्या हाताच्या स्पर्शाने ऋजुताला कळलं.

घरी आल्यावर त्या विषयावर दोघी बोलल्या नाहीत. आईला बोलता येत नव्हतं, आणि लेकीला सुचत नव्हतं. सुचेताताईने फक्त दुसऱ्या दिवसापासून एक केलं. ऋजुता घरात शिरली की ती हातातलं काम टाकून लगेच काहीतरी गुणगुणायची, बसलेल्या घशाने, ओढून ताणून. आपण इथे आहोत हे लेकीला कळावं म्हणून.

*

फाल्गुनात एका सकाळी पट्टी आली. नियमाप्रमाणे तिच्यावर नाव नव्हतं, नुसता सांकेतिक आकडा. यंत्राने पुन्हा हात टेकले होते. ऋजुताने पाहिलं आणि तिला जवळजवळ आनंद झाला. इतकी स्पष्ट! नव्या पुड्यांचाच प्रकार, पण वाढलेला, मुळं धरलेला. ‘निःसंशय कर्करोग, खोलवर पसरलेला,’ असं तिने सांगितलं आणि ती पुढच्या पट्टीकडे वळली.

दुपारी सुचेताताई रुग्णालयात आली. तिच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण बाई होती. ऋजुताने आईला ओळखलं, कारण दारातूनच आई बोलली होती. “ऋजू, शशीकाका आलेत गं. आणि ही त्यांची सून, आरती.”

शशिकांत गुरव हे सुचेताताईच्या कीर्तनातले पेटीवाले. ऋजुता परकरात असल्यापासून त्यांना पाहत आली होती. आईच्या मागे उभं राहून पदं म्हणायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा आवाज आज जड येत होता. जीभ नीट वळत नव्हती.

आरती सांगत होती. जिभेवरचा चट्टा वाढत गेला, जेवण तुटलं, कालच तुकडा काढून तपासायला दिलाय. हे आधी का दाखवलं नाही म्हणून ऋजुता काकांवर रागावली. लहानपणी ते तिच्यावर रागावत तशीच.

“आगं, दाखवलं की,” शशीकाका म्हणाले. “मार्गशीर्षात आलो होतो. तुझ्या त्या लांब व्हरांड्यात, खांबापाशी. म्हटलं दुसऱ्या कुणाला कशाला, आपल्या पोरीलाच दाखवावं. तू आलीस. मी तोंड पण उघडलं. तू बघितलंस आणि नजर पुढं नेलीस.”

“मग?”

“मग काय. घरी जाऊन हिला सांगितलं, झालं काम, ऋजूनं बघितलंय, काही नाही.”

कीर्तनात गादीवर उभा असलेला माणूस साथीदाराशी बोलू शकत नाही. तो नजरेने बोलतो. नजर पेटीवाल्यावर थांबली तर समजायचं, काही चुकतंय, सूर उतरलाय, सावध व्हा. नजर भेटून पुढे गेली तर सगळं ठीक आहे, चाललंय तसं चालू द्या. ही खूण ऋजुताला शशीकाकांनीच शिकवली होती. सगळा जन्म त्यांनी ती पाळली आणि कधी फसले नव्हते. त्यात या पोरीला नुसतं बघून कळतं असं छापूनही आलेलं. मग शंका घ्यायला जागा कुठे राहिली?

ऋजुता खुर्चीवरून उठली. कुणाला काही न सांगता ती वर गेली आणि तिने सकाळच्या पट्टीच्या आकड्यामागचं नाव शोधायला लावलं. ते काय असणार हे तिला जिना चढतानाच कळलं होतं.

*

“तुम्ही नेमकं काय मागताय ते मला समजू द्या,” साळोखे म्हणाले. खिडकी लावण्याची, म्हणजे दुसरं औषध देण्याची, बैठक अक्षय्यतृतीयेनंतर ठरली होती.

ऋजुताने सांगितलं. बैठकीपर्यंतचे उरलेले दिवस सकाळी तिला बाह्यरुग्ण विभागात बसू द्यावं. रुग्णांसमोर, त्यांच्या चेहऱ्यांसमोर. पट्ट्या ती दुपारी पाहील. खिडकी उघडी आहे तोवर बांध मागे सरकवता येईल.

साळोखे वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “सरकेल. पण चेहऱ्यांना जितकी जमीन द्याल तितकी पट्ट्यांची जाईल. नागपूरच्या डॉ. निशांत वैरागड्यांनी होळीला खिडकी लावून घेतली. पूर्ण खोलवर गेल्यावर. आता देशभरातल्या अवघड पट्ट्या त्यांच्याकडे जातील. तुम्ही त्यांच्याही पुढे आहात, ऋजुता. अर्धवट लावलीत तर काय राहील? एक बऱ्यापैकी डॉक्टर. तशा आपल्याकडे पुष्कळ आहेत.”

“होत्या,” ऋजुता म्हणाली.

“तुमच्या डोळ्यांनी कोवळ्यात ओळखलेली माणसं आज आपापल्या घरी जेवताहेत. एक निसटला म्हणून पुढे येणाऱ्यांसाठीचे हे डोळे तुम्ही परत देणार?”

“तो निसटला नाही, सर. तो माझ्यासमोर तोंड उघडून उभा होता.”

पण खोलीत परत आल्यावर साळोख्यांचा प्रश्न तिच्याबरोबर आला. तो खरा होता. तिने बांध सरकवला तर उद्या कुठलीतरी पट्टी तिला भेटणार नाही, नुसती दिसेल. त्या पट्टीमागे कुणीतरी असेल. तोही कुणाचा तरी शशीकाका असेल. त्याचा चेहरा तिला कधी कळणारही नाही, कारण न ओळखलेल्याचा चेहरा कोण दाखवणार?

शस्त्रक्रियेच्या आधी ती काकांच्या खाटेपाशी बसली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. खिडकी, बांध, व्हरांडा. त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं पण ओळखलं नाही, हेही. काकांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना बोलायला कष्ट पडत होते.

“म्हणजे ती खूण नव्हतीच,” ते शेवटी म्हणाले. मग थोड्या वेळाने, “लाव खिडकी. पुरती लाव. माझ्यापायी मागं येऊ नगंस. माझ्यासारखी म्हातारी लई हायत, तुझ्या डोळ्यांवर जगतील.”

ती रडली. काका रागावले असते तर सोपं होतं.

काय करू असं आईला विचारलं तर ती म्हणाली, “गादीवरून सांगते ते लोकांना. घरात मला ते येत नाही, बाळा.”

*

चैत्राच्या नवरात्रात रामाच्या देवळात सुचेताताईचं कीर्तन होतं. पेटीवर काकांऐवजी सांगलीचे कुणी बसले होते. ऋजुताने आईला विचारून मागे झांज धरली. झांज धरणाऱ्याचं तोंड श्रोत्यांकडे असतं, आणि तिला तेच हवं होतं. सभामंडप भरला होता. तिच्यापुढे चेहरेच चेहरे, आणि तिच्या लेखी सगळे सारखे, नदीतल्या गोट्यांसारखे. ती एकेका चेहऱ्यावर थांबायची. ही भुवई. हा ओठ. हे डोळ्यांखालचं काळं. पुन्हा पहिल्यावर. ताल दोनदा चुकला तेव्हा आईने वळून पाहिलं.

निरूपण रंगलं होतं. सुचेताताईचा घसा आता सुटला होता. “एकाच नामात बुडून जा, असं संत सांगतात,” ती म्हणत होती. “आणि तेच संत सांगतात, दारात आलेल्याला आधी पाणी दे. आता बुडालेल्या माणसाला दार वाजलेलं ऐकू कसं यायचं? बायांनो, बाबांनो, हे मला विचारू नका. मी पण शोधते आहे. मला एवढंच ठाऊक आहे की ज्यांना दोन्ही जमलं त्यांना आपण संत म्हणतो. आपल्याला नाही जमत. आपल्याला रोज थोडं इकडे, थोडं तिकडे चुकावंच लागतं, आणि संध्याकाळी देवापुढे जाऊन सांगावं लागतं की आज अमुक ठिकाणी चुकलो.”

पूर्वरंग संपला. रीतीप्रमाणे पुजाऱ्यांनी कीर्तनकाराला बुक्का लावला, हार घातला, आणि गजर सुरू झाला. सगळ्यांच्या टाळ्यांबरोबर झांज वाजवताना ऋजुता शांतपणे ठरवून मोकळी झाली. चुकणं टळणार नाही. पण चूक झालीच तर ती तोंड उघडून समोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाबतीत होऊ नये. मला शंका आहे असं म्हणता येईल, दुसऱ्याला विचारता येईल, अशा जागी व्हावी.

दुसऱ्या दिवसापासून ती बाह्यरुग्ण विभागात बसू लागली. आलेल्या माणसाचं नाव विचारायची, चेहरा निरखायची, तोंड तपासायची, घरचं विचारायची, आणि जाताना पुन्हा चेहरा निरखायची. लोकांना आधी अवघडल्यासारखं झालं. बाई अशा का बघतात? एका म्हातारीने तर पदर तोंडावर घेतला आणि विचारलं, “माझ्या पोराला बायकू बघताय व्हय?” सगळी रांग हसली. ऋजुताही हसली, आणि त्या म्हातारीचा हसणारा चेहरा तिच्याजवळ संध्याकाळपर्यंत टिकला. कितीतरी महिन्यांत टिकलेला तो पहिला चेहरा.

आणि दुपारी, काही आठवड्यांनी, एक पट्टी तिला भेटली नाही. ती नुसती दिसली. जांभळे ठिपके, गुलाबी रेषा. ऋजुताला पेशी मोजाव्या लागल्या, पुस्तक उघडावं लागलं. निकाल बरोबर आला. पण आपल्या हाताने आपण काय सोडतो आहोत हे त्या दिवशी तिला खरं कळलं. ती देवापुढे बसली तेव्हा तिने काही मागितलं नाही. आज अमुक ठिकाणी कमी पडले, एवढं सांगितलं.

अक्षय्यतृतीयेनंतर ठरलेल्या दिवशी तिने खिडकी लावून घेतली. बांध जिथे होता तिथे कायमचा बसला. अधेमधे. आईचा चेहरा आता तिला बहुतेक वेळा ओळखू येई. गर्दीत नाही. शशीकाकांची अर्धी जीभ काढावी लागली. ते पेटीवर परत बसले आहेत. पुढचं पांडुरंगाच्या हाती.

*

भाद्रपदात एक पट्टी आली. यंत्राने हात टेकलेली; आकडा ऋजुतानेच बाह्यरुग्ण विभागात तपासलेल्या एका बाईचा. ऋजुताने पाहिली, फिरवली, पुन्हा पाहिली. साधी असावी असं वाटत होतं. पण वाटणं आणि कळणं यांतलं अंतर आता तिला चांगलं ठाऊक होतं. तिने ‘खात्री नाही’ असं कळवलं आणि पट्टीचं चित्र नागपूरला डॉ. वैरागड्यांकडे पाठवलं.

लगेच त्यांचा चेहरा पडद्यावर आला. तरुण माणूस, थकलेले डोळे. गेल्या आठवड्यातच दोघं बोलली होती, तरी त्यांनी विचारलं, “आपण कोण?”

“मिरजेहून ऋजुता आठल्ये.”

“हो, हो. आवाजावरून कळलं आता.” ते जरा ओशाळले. “तुमची पट्टी कर्करोगाची आहे. फार कोवळी. मुळाशी एक रांग तिरकी झालीय, तेवढंच. सापडण्यासारखी नाही ती.”

ऋजुताने पुन्हा भिंगातून पाहिलं. सांगितल्यावरही ती रांग तिला अंधुकच दिसली. आठ-नऊ महिन्यांपूर्वी ती आपण होऊन तिच्याकडे चालत आली असती.

“तुमच्यामुळे वाचली ती बाई,” ऋजुता म्हणाली.

“तिला सांगणार कोण?”

“मीच. खाली बसली आहे ती.”

वैरागडे लगेच गेले नाहीत. “एक विचारू? तुम्ही ते कसं सांगता? परवा मी एकाला सांगितलं. सगळं नीट, सविस्तर. तो ऐकत राहिला आणि नंतर म्हणाला, साहेब, मी न्यायला आलोय, आजारी माझा भाऊ आहे.” ते हसायचा प्रयत्न करत होते. “आता मी कुणालाच सांगायला जात नाही.”

“मला पण नीट येत नाही,” ऋजुता म्हणाली. “बसते आणि बघत राहते. पुढच्या वेळी तुम्ही ओळखा, सांगायला मला फोन करा. आणि मला दिसलं नाही की मी तुम्हाला विचारेन.”

“चालेल,” ते म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की तिला गलबलून आलं.

ती खाली गेली. मालन पाटोळे तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर काम करणारी. साखरेसारखा चिकट वास अजून तिच्या पदराला होता. रांगेतल्या बायकांत ऋजुताने तिला शोधलं. आधी चुकून दुसरीकडे वळली, मग थांबली, मग कपाळावरची जुनी खोक आणि खालचा जाड ओठ जुळला. हीच. ती तिच्यासमोरच्या बाकावर बसली.

मालनबाईने तिच्याकडे पाहिलं. “बसलासा व्हय,” ती हळू म्हणाली. “मग वाईटच असणार. बरी बातमी डाक्टर उभ्यानंच सांगत्यात.”

“वाईट आहे, मावशी,” ऋजुता म्हणाली. “पण लवकर कळलंय. फार लवकर.”

मालनबाईचा खालचा ओठ आधी हलला, मग डोळ्यांच्या कडा. कपाळावरची खोक आवळली गेली. ऋजुताने मान खाली घातली नाही. तो सगळा चेहरा बदलून पुन्हा स्थिर होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.